जुन्या बांधकाम यंत्रांची डायकास्ट मॉडेल्स: पहिल्या खरेदीआधी काय माहीत हवं

डायकास्ट, म्हणजे वितळलेला धातू साच्यात भरून बनवलेल्या, गाड्या जमवणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत. पण वायररोपवर (पोलादी दोरावर) चालणारी क्रेन, साठ वर्षांपूर्वीचा बुलडोझर, वाफेचा रोडरोलर अशा यंत्रांच्या मॉडेल्सकडे कुणी वळलं, की त्याला मराठीत विचारायला माणूस सापडत नाही. इंग्रजीत माहिती भरपूर आहे, पण ती अमेरिकेतल्या किंवा ब्रिटनमधल्या खरेदीदाराला समोर ठेवून लिहिलेली. त्यात कस्टम्सचा हिशेब नसतो आणि आपला पावसाळाही नसतो. हा छंद मला अतिशय प्रिय आहे. नव्याने येणाऱ्याचे पैसे आणि उत्साह पहिल्याच वर्षी वाया जाऊ नयेत म्हणून हे सगळं एका जागी लिहितो आहे.

सगळ्यात महत्त्वाचं आधी सांगतो: मॉडेलच्या आधी खरं यंत्र ओळखा. ते कधी बनलं, कशावर चालायचं, त्याचा रंग कोणता होता, हे कळलं की चांगलं मॉडेल आणि नुसतं चकचकीत मॉडेल यांतला फरक तुमच्या डोळ्यांना आपोआप दिसू लागतो. पुढच्या सगळ्या पायऱ्या या एका गोष्टीवर उभ्या आहेत.

१. 'जुनं' म्हणजे नेमकं काय जुनं, ते ठरवा

बाजारात 'व्हिंटेज' या एकाच शब्दाखाली दोन वेगळ्या वस्तू विकल्या जातात.

पहिली वस्तू म्हणजे स्वतःच जुनं असलेलं मॉडेल. १९५० किंवा १९६० च्या दशकात मुलांचं खेळणं म्हणून बनलेली लेस्नी (मॅचबॉक्स), डिंकी, कॉर्गी या ब्रिटिश नावांची मॉडेल्स. त्यांत तपशील कमी आणि प्रमाण अंदाजे, पण त्या वस्तूला स्वतःचा इतिहास असतो. दुसरी वस्तू म्हणजे जुन्या यंत्राचं नवं मॉडेल. यंत्र १९५५ चं, मॉडेल गेल्या वीस-पंचवीस वर्षांतलं, मोठ्यांसाठी बनवलेलं, बारीक रेलिंग आणि नळ्यांसकट.

या दोन्हींचा बाजार वेगळा, तपासणी वेगळी, किंमत ठरण्याची रीतही वेगळी. जुन्या खेळण्यात मूळ रंग आणि मूळ खोकं यांना मोल असतं, तर नव्या मॉडेलमध्ये अचूकपणाला. माझं मत विचाराल तर पहिलं वर्षभर एकाच प्रकारात राहा. दोन्हीकडे हात घातला की कशाचीच पारख तयार होत नाही.

मधला एक तिसरा गटही आहे आणि मला तो फार आवडतो. १९७० च्या दशकात जर्मनीतल्या एनझेडजी, गेशा आणि कॉनराड या कंपन्यांनी त्या वेळी नवी असलेली यंत्रं १:५० प्रमाणात (खऱ्याच्या पन्नासाव्या भागाएवढी) बनवली. पुष्कळदा ती यंत्रांच्या विक्रेत्यांनी ग्राहकांना भेट द्यायला घेतलेली असत. आज यंत्रही जुनं झालं आहे आणि मॉडेलही. दोन्ही बाजूंचा आनंद एकाच वस्तूत मिळतो.

२. एक यंत्र किंवा एक काळ निवडा आणि त्याचा अभ्यास करा

'मला सगळंच आवडतं' या वाक्याने कपाट भरतं, पण संग्रह होत नाही. एक धागा पकडा. फक्त बुलडोझर, फक्त रोडरोलर, फक्त वायररोपची यंत्रं किंवा एकाच कंपनीची यंत्रं, काहीही चालेल.

अभ्यास म्हणजे काय, ते बुलडोझरवरून सांगतो. आज आपण पाहतो त्या बुलडोझरचं ब्लेड हायड्रॉलिक सिलिंडरवर चालतं. जुन्या बुलडोझरचं ब्लेड वायररोपने उचललं जायचं. ट्रॅक्टरला विंच (दोर गुंडाळणारं यंत्र) बसवलेली असे, ती पुष्कळदा मागच्या बाजूला. तिथून दोर कप्प्यांवरून (पुलींवरून) पुढे येऊन ब्लेड वर ओढायचा. खाली येताना ब्लेड स्वतःच्या वजनाने यायचं, त्याला वरून दाब देता येत नसे. हे एकदा समजलं की मॉडेल हातात घेतल्यावर पहिली नजर विंचवर जाते. दोर कुठून कुठे जातो, कप्पे योग्य जागी आहेत का, दोर ओवलेला आहे की नुसता चिकटवलेला, असे प्रश्न सुचू लागतात.

रंगाचंही तसंच आहे. कॅटरपिलर म्हटलं की पिवळा, हे आपल्या डोक्यात पक्कं असतं. पण होल्ट आणि बेस्ट या दोन कंपन्या एकत्र येऊन १९२५ मध्ये कॅटरपिलर उभी राहिली तेव्हा तिचे ट्रॅक्टर करड्या रंगाचे होते. पिवळा रंग १९३१ च्या अखेरीस आला, आणि आज ज्याला कॅटरपिलर यलो म्हणतात ती छटा १९७९ ची. म्हणजे १९२० च्या दशकातल्या 'सिक्स्टी' ट्रॅक्टरचं करड्या रंगातलं मॉडेल अगदी बरोबर आहे. पिवळ्या रंगातलं दिसलं तर तो सिक्स्टी नंतर पुन्हा रंगवलेला दाखवला आहे का, असा प्रश्न विचारायला हवा. विक्रेते हे सांगत नाहीत, पुष्कळदा त्यांनाही ते माहीत नसतं.

चेनचा, म्हणजे ज्यावर बुलडोझर चालतो त्या पट्ट्याचा, आकार ही आणखी एक खूण. १९६१ मध्ये आलेल्या कॅटरपिलरच्या डी९जी बुलडोझरची चेन जमिनीला समांतर, लांबट. १९७७ मध्ये कॅटरपिलरने डी१० दाखवला तेव्हा चेन फिरवणारं दातेरी चाक वर उचललेलं होतं आणि चेनचा आकार त्रिकोणी झाला होता. दुरून पाहूनही यंत्र कोणत्या काळातलं, हे त्यावरून कळतं.

असा तपशील वाचायला मिळतो तो मुख्यतः जुन्या विक्रीपत्रकांत आणि हौशी संस्थांच्या अंकांत. अमेरिकेत ओहायोमधल्या बोलिंग ग्रीन गावी हिस्टॉरिकल कन्स्ट्रक्शन इक्विपमेंट असोसिएशन ही संस्था आहे. ती १९८५ मध्ये सुरू झाली, तिचं संग्रहालय आहे, आणि 'इक्विपमेंट एकोज' नावाचं त्रैमासिकही आहे. तिकडे राहणाऱ्या मराठी वाचकांनी एकदा तरी जाऊन यावं. इथे महाराष्ट्रात राहत असाल तर सार्वजनिक बांधकाम खात्याच्या एखाद्या जुन्या आवारात उभा असलेला रोलर परवानगी घेऊन नीट पाहा. पुढचा रोल कसा धरलेला आहे, सुकाणूची साखळी कुठून जाते, छप्पर कशावर टेकलं आहे, याचे फोटो काढून ठेवा. आवेलिंग अँड पोर्टर किंवा फाउलर या ब्रिटिश कंपन्यांच्या रोलरचं मॉडेल निवडताना ते फोटो उपयोगी पडतील.

शोधताना एक काळजी घ्या. आपण कुठल्याही खोदणाऱ्या यंत्राला जेसीबी किंवा पोकलेन म्हणतो. परदेशी विक्रेत्यांच्या यादीत ही दोन विशिष्ट कंपन्यांची नावं आहेत, एक ब्रिटिश आणि एक फ्रेंच. तेव्हा शोधताना कंपनी आणि मॉडेल क्रमांक दोन्ही लिहा.

३. प्रमाण पक्कं करा

बांधकाम यंत्रांत १:५० हे जगभर चालणारं प्रमाण आहे. खऱ्या यंत्राचे पाच मीटर म्हणजे मॉडेलचे दहा सेंटिमीटर. याशिवाय १:८७ हे रेल्वे मॉडेलवाल्यांचं, १:४८ हे अमेरिकेतल्या पितळी मॉडेल्सचं, १:२५ हे मोठ्या मॉडेल्सचं आणि १:१६ हे शेतीच्या खेळण्यांशी नातं असलेलं. १:५० आणि १:४८ शेजारी ठेवली तर फारसं खटकत नाही. १:२५ मध्ये मात्र शिरण्याआधी घरातली जागा मोजा.

जागेचा अंदाज यावा म्हणून टोकाचं उदाहरण देतो. अमेरिकेत कॅन्ससमध्ये वेस्ट मिनरल गावी 'बिग ब्रूटस' नावाचं बुसायरस-इरी १८५०-बी हे विजेवर चालणारं प्रचंड फावडं जतन केलेलं आहे. त्याची उंची १६० फूट. १:५० मध्ये ते जवळजवळ ९८ सेंटिमीटर उंच होईल, १:८७ मध्ये ५६. खाणीतली यंत्रं १:८७ मध्ये का जमवतात, ते यावरून लक्षात येईल.

जुन्या खेळण्यांत प्रमाणाच्या मागे लागू नका. लेस्नीची छोटी मॉडेल्स ठरावीक मापाच्या खोक्यात बसतील एवढी केलेली असत. त्यामुळे डंपर आणि रोलर एकाच उंचीचे दिसतात.

नव्या मॉडेलचं प्रमाण मात्र मोजून बघता येतं. डी९जीच्या दोन चेनमधलं मध्य ते मध्य अंतर ९० इंच, म्हणजे २,२८६ मिलिमीटर. १:५० च्या मॉडेलवर ते ४५.७ मिलिमीटरच्या आसपास यायला हवं. मोजमाप यंत्राच्या पत्रकातून घ्या आणि व्हर्नियर कॅलिपर लावा. दोन मिनिटांचं काम आहे.

४. कुणी काय बनवलं, ते ओळखायला शिका

*लेस्नी (मॅचबॉक्स).* लेस्ली स्मिथ आणि रॉडनी स्मिथ यांनी १९४७ मध्ये लंडनमध्ये ही कंपनी काढली. तिचं पहिलं खेळणं, १९४८ चं, होतं आवेलिंग-बारफर्डचा रोडरोलर. भागीदार जॅक ओडेल यांच्या मुलीच्या शाळेत काडेपेटीत मावेल एवढंच खेळणं नेता येत असे, म्हणून त्यांनी तिला त्याच रोलरची छोटी आवृत्ती करून दिली, आणि त्यातून १९५३ ची मॅचबॉक्स मालिका निघाली. मालिकेतले पहिले तीन क्रमांक बघा: रोडरोलर, म्युअर-हिल डंपर, सिमेंट मिक्सर. तिन्ही बांधकामाची यंत्रं! पुढे ८ क्रमांकाचा कॅटरपिलर ट्रॅक्टर, १८ क्रमांकाचा कॅटरपिलर बुलडोझर, २४ चा वेदरिल एक्स्कॅव्हेटर, ५८ चा ड्रॉट एक्स्कॅव्हेटर अशी यंत्रं येत राहिली. १९६० पासूनच्या मोठ्या 'किंग साइझ' मालिकेतही के-१ ला वेदरिल आणि के-३ ला कॅटरपिलर बुलडोझर आहे. जुन्या मॉडेल्सपासून सुरुवात करायची असेल तर हीच वाट मी सुचवीन. वस्तू लहान, माहिती भरपूर, आणि किंमत आवाक्यात राहण्याची शक्यता सगळ्यात जास्त.

*डिंकी.* लिव्हरपूलच्या मेकॅनो कंपनीची. ब्लॉ-नॉक्स बुलडोझर, कोल्स क्रेन, म्युअर-हिल डंपर आणि १९५५ चा युक्लिड डंपर, क्रमांक ९६५, ही यातली नावाजलेली यंत्रं. इथे एक सापळा आहे. १९५० च्या दशकाच्या मध्यात डिंकीने क्रमांक बदलले. ब्लॉ-नॉक्स आधी ५६१ होता, तो ९६१ झाला. कोल्स क्रेन ५७१ ची ९७१ झाली. त्यामुळे यादीत दोन क्रमांक पाहून नवखा माणूस दोन वेगळी यंत्रं समजून दोन्ही घेतो.

*कॉर्गी.* स्वॉन्झीच्या मेटॉय कंपनीची, १९५६ पासूनची. तिच्या युक्लिड टीसी-१२ बुलडोझरकडे मुद्दाम लक्ष द्या. खऱ्या टीसी-१२ ला दोन इंजिनं होती आणि प्रत्येक इंजिन आपापली चेन फिरवायचं. असं यंत्र छोट्या खेळण्याच्या रूपात हातात येतं, याचा आनंद वेगळाच आहे.

*जर्मन कंपन्या.* एनझेडजी न्यूरेंबर्गची, १९६८ पासून. कॉनराड त्याच भागातल्या काल्क्रॉइटची, गेशाच्या परंपरेतून आलेली. वजनदार मॉडेल्स, आणि हलणारे भाग खरोखर हलतात.

*जुन्या यंत्रांची नवी मॉडेल्स.* अमेरिकेत आयोवामधल्या फर्स्ट गिअर आणि स्पेककास्ट या दोन कंपन्या. कॅटरपिलरच्या परवान्याने आधी नॉरस्कॉट आणि आता डायकास्ट मास्टर्स. डायकास्ट मास्टर्सच्या व्हिंटेज मालिकेतले डी७सी आणि ९६६ए लोडर नवख्यांसाठी चांगले आहेत, कारण ते अजून नवे, खोक्यासकट सापडू शकतात. ओरेगनच्या क्लासिक कन्स्ट्रक्शन मॉडेल्सची पितळी यंत्रं मात्र नंतरसाठी ठेवा. ती अप्रतिम आहेत आणि किंमतही त्याच पातळीची आहे.

५. लागणारी साधनं

- दहापट मोठं दाखवणारं भिंग
- व्हर्नियर कॅलिपर
- स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा
- अल्ट्राव्हायोलेट टॉर्च
- मऊ केसांचे दोन ब्रश (मेकअपचे चालतात)
- नायट्राइल हातमोजे
- सिलिका जेलच्या पुड्या आणि आर्द्रता दाखवणारा छोटा मीटर
- आम्लमुक्त कागद आणि पॉलिएस्टरची पातळ पारदर्शक शीट

पॉलिश, डब्ल्यूडी-४०, काच पुसायचा स्प्रे यांतलं काहीही या यादीत नाही, ते मुद्दामच.

६. घेण्याआधी तपासणी

डायकास्ट मॉडेल बहुधा झमॅकचं असतं. हा जस्ताचा मिश्रधातू आहे, त्यात सुमारे चार टक्के ॲल्युमिनियम असतं. झमॅकला लोहचुंबक चिकटत नाही. पिना आणि धुरे लोखंडी असले तर तेवढे चिकटतात. रेझिनचं मॉडेल त्याच आकाराला खूपच हलकं लागतं, म्हणून विक्रेत्याला वजन विचारायला संकोच करू नका.

*झिंक पेस्ट.* या छंदातलं सगळ्यात वाईट दुखणं. ओतकामाच्या वेळी धातूत शिशासारखी अशुद्धता राहिली की वर्षानुवर्षं आतल्या आत कणांच्या सीमांवर गंज चढतो. धातू फुगतो, वाकतो, केसासारख्या भेगा पडतात आणि शेवटी तुकडे होतात. दुसऱ्या महायुद्धाच्या आधीच्या डिंकीत हे पुष्कळ आढळतं, पण नव्या मॉडेल्सच्या काही खेपांतही झालेलं आहे. याला इलाज नाही. एका मॉडेलवरून दुसऱ्याला मात्र ते लागत नाही, त्यामुळे त्या भीतीने बाकीचा संग्रह हलवायची गरज नाही. बूम (क्रेनचा लांब हात) किंवा शॅसी (खालचा सांगाडा) यांसारखे लांब भाग सपाट काचेवर ठेवून पाहा. सरळ असायला हवेत ते भाग धनुष्यासारखे वाकलेले दिसले तर परत द्या. रंगाखाली फोड असतील तर भिंगातून बघा.

*रिव्हेट.* जुन्या खेळण्यांचा तळ कारखान्यात रिव्हेटने बसवलेला असतो. रिव्हेटचं डोकं ड्रिलने काढून तिथे स्क्रू बसवलेला दिसला, की मॉडेल कुणीतरी उघडलं आहे. बहुतेक वेळा ते पुन्हा रंगवण्यासाठी असतं. पुन्हा रंगवणं हा गुन्हा नाही. काही लोक सुंदर काम करतात. पण ते सांगून, त्या किमतीला विकलं गेलं पाहिजे. नवा रंग आणि नवा गोंद अल्ट्राव्हायोलेट प्रकाशात बऱ्याचदा जुन्यापेक्षा वेगळा उजळतो. टॉर्चचा हाच उपयोग आहे, पण एवढ्या एकाच खुणेवर निर्णय देऊ नका.

*सुटे भाग.* टायर, चेन, स्टिकर आणि खोकीसुद्धा नव्याने छापलेली मिळतात. लेस्नीच्या बुलडोझरची रबरी चेन वयाने कडक होऊन तुटते, त्यामुळे मूळ चेन शाबूत असेल तर किंमत वाढते आणि नवी बसवलेली असेल तर कमी व्हायला हवी. विक्रेत्याला सरळ विचारा: 'चेन मूळची आहे की बदललेली? खोकं मूळचं आहे का?' उत्तर लेखी घ्या. यादीत 'कोड ३' दिसलं तर त्याचा अर्थ असा, की उत्पादकाच्या परवानगीशिवाय तिसऱ्याच कुणीतरी मॉडेलचा रंग किंवा रूप बदललं आहे.

*दोर.* वायररोपच्या यंत्रांत दोऱ्याचा ताण, गाठी आणि कप्प्यांतली वाट पाहा. दोरा तुटका असेल तर तो दोष मोठा नाही. मेण लावलेला बारीक दोरा ओवता येतो. कप्पा हरवलेला असेल तर मात्र विचार करा. जुना दोरा काढलात तर टाकू नका, पुडीत घालून खोक्यात ठेवा.

जुन्या खेळण्यांच्या रंगात शिसं असू शकतं. लहान मुलांच्या हातात देऊ नका, हाताळल्यावर हात धुवा.

७. कुठून घ्यायचं

आधी महिनाभर काहीही न घेता फक्त बघा. ईबेवर 'विकल्या गेलेल्या वस्तू' हा पर्याय निवडला की प्रत्यक्ष मिळालेली किंमत दिसते. मागितलेली किंमत म्हणजे बाजारभाव नव्हे. ब्रिटनमधलं व्हेक्टिस हे खेळण्यांच्या लिलावाचं मोठं घर आहे. लिलावात बोलीवर खरेदीदाराचं कमिशन, कर आणि पाठवणी वेगळी लागते. ती धरूनच आपली कमाल बोली आधी कागदावर लिहा आणि तिथेच थांबा.

आपल्याकडे मुंबईचा चोर बाजार आणि पुण्याचा जुना बाजार इथे फेऱ्या मारायला मजा येते. लेस्नीची मॉडेल्स कधी मिळाली तर खोक्याविना आणि रंग उडालेली असण्याची तयारी ठेवा. शिकण्यासाठी अशी मॉडेल्स उत्तम, कारण ती बिनधास्त हाताळता येतात. जर्मनीत असाल तर म्युनिकला दर तीन वर्षांनी भरणाऱ्या बाउमा या यंत्रप्रदर्शनाला जा. तिथे खरी यंत्रं आणि त्यांची मॉडेल्स एकाच फेरीत पाहायला मिळतात.

८. परदेशातून मागवताना

इथेच सगळ्यात जास्त लोक अडकतात, म्हणून सावकाश वाचा.

भारतात खेळण्यांवरचं मूळ सीमाशुल्क फेब्रुवारी २०२० मध्ये २० वरून ६० टक्के आणि २०२३ मध्ये ७० टक्के झालं. 'हे खेळणं नाही, मोठ्यांचं स्केल मॉडेल आहे' असा युक्तिवाद लोक करतात, पण सीमाशुल्काच्या यादीतल्या ९५०३ या शीर्षकातच खेळण्यांबरोबर छोट्या प्रमाणातल्या मॉडेल्सचा स्पष्ट उल्लेख आहे. दुसरीकडे, वैयक्तिक वापरासाठी पोस्टाने किंवा हवाई मार्गाने आलेल्या मालासाठी ९८०४ हे वेगळं शीर्षक आहे आणि त्याचा दर वेगळा. दर अर्थसंकल्पात बदलतात. म्हणून मागणी नोंदवण्याआधी कुरिअर कंपनीला ईमेलवर दोन प्रश्न विचारा: माल कोणत्या शीर्षकाखाली दाखवणार, आणि आज त्याचा एकूण दर किती?

शुल्क फक्त मॉडेलच्या किमतीवर लागत नाही. किंमत, विमा आणि वाहतूक यांच्या बेरजेवर मूळ शुल्क, त्या शुल्कावर अधिभार लागू असेल तर तो, आणि या सगळ्यावर आयजीएसटी (आयातीवर लागणारा जीएसटी). वर कुरिअरचं हाताळणी शुल्क. झमॅक जड, म्हणून वाहतूक महाग, आणि वाहतूक महाग म्हणून शुल्कही जास्त. एकाच विक्रेत्याकडून दोन-तीन मॉडेल्स एकत्र घेतली तर वाहतुकीचा भार वाटला जातो.

विक्रेता प्रेमाने म्हणेल, 'पार्सलवर भेटवस्तू लिहितो.' नको म्हणून सांगा. डिसेंबर २०१९ पासून भेट म्हणून शुल्क न भरता पोस्टाने किंवा कुरिअरने माल आणायला मनाई आहे. राखी आणि जीवरक्षक औषधं एवढेच अपवाद आहेत. किंमत कमी लिहिणंही टाळा. माल अडकला किंवा हरवला तर विमा त्या कमी किमतीचाच मिळतो.

हाताशी ठेवायची कागदपत्रं:

- केवायसीसाठी आधार, पॅन किंवा पासपोर्ट. पार्सलवरचं नाव आणि पत्ता त्याच्याशी जुळणारा
- विक्रेत्याचं बिल, त्यावर वस्तूचं वर्णन, साहित्य आणि किंमत
- पैसे भरल्याचा पुरावा
- विक्रीच्या पानाचा फोटोंसकट प्रिंट
- कुरिअरने मागितलं तर सही केलेलं अधिकारपत्र
- ट्रॅकिंग क्रमांक आणि पत्रव्यवहार

पॅकिंगबद्दल विक्रेत्याला आधीच लिहा. जड मॉडेल खोक्यात हललं की ते स्वतःचेच आरसे आणि रेलिंग मोडतं. हलणारे भाग बांधलेले, मूळ खोक्याबाहेर दुसरं खोकं आणि मध्ये सर्व बाजूंनी भरण, एवढं हवंच. पार्सल उघडताना सलग व्हिडिओ घ्या.

परदेशातून आत्या, मामा किंवा मित्र येणार असतील तर त्यांच्या सामानातून आणणं सोपं वाटतं. त्यांनाही सामानाच्या सवलतीची मर्यादा लागू असते आणि ती बदलत राहते, तेव्हा त्या वेळची मर्यादा बघा आणि बिल त्यांच्याजवळ द्या. मॉडेल त्यांना हातातल्या बॅगेत ठेवायला सांगा.

९. घरात ठेवताना

पावसाळा हा आपला मुख्य प्रश्न. कोकणात आणि मुंबईत तर जास्तच. ओलाव्याने रंग उडालेल्या जागी जस्तावर पांढरी भुकटी धरते आणि धुरे गंजतात. काचेचं, नीट बंद होणारं कपाट घ्या, आत आर्द्रतेचा मीटर ठेवा आणि आकडा ५० टक्क्यांच्या आसपास राखायचा प्रयत्न करा. सिलिका जेलच्या पुड्या पावसाळ्यात वरचेवर बदला किंवा वाळवा.

कपाटात डांबराच्या गोळ्या ठेवू नका. कपड्यांना त्या चालतात, पण त्यांच्या वाफेने प्लॅस्टिकचे भाग मऊ पडू शकतात.

मूळ खोक्यातलं थर्माकोल ही दुसरी अडचण. मऊ टायर आणि नळ्यांमधलं तेलकट द्रव्य हळूहळू बाहेर येतं आणि थर्माकोलला विरघळवून त्यालाच चिकटतं. मॉडेल दीर्घकाळ खोक्यात ठेवायचं असेल तर टायर आणि थर्माकोल यांच्यात पॉलिएस्टरची शीट घाला. जुन्या खोक्यांतला स्पंज तर काढूनच टाका. त्याचा चुरा होऊन तो रंगावर बसतो. वर्तमानपत्रात गुंडाळणंही टाळा.

धूळ कोरड्या ब्रशने, वरून खाली. ओलं करायची वेळ आलीच तर कोमट पाण्यात साबणाचा एक थेंब, आणि स्टिकर व कागदी खुणांपासून दूर. ऊन थेट येणारी भिंत कपाटासाठी वापरू नका; लाल आणि पिवळा दोन्ही रंग उन्हात उतरतात.

क्रेन मांडताना बूम पूर्ण पुढे झुकवून वर्षानुवर्षं ठेवू नका. दोऱ्यावर ताण राहतो आणि एके दिवशी तो सुटतो.

१०. नोंदवही

पहिल्या मॉडेलपासूनच नोंद ठेवा. पन्नास झाल्यावर आठवून लिहिणं जमत नाही. प्रत्येकासाठी एक ओळ: मॉडेलचा उत्पादक आणि क्रमांक, खरं यंत्र आणि त्याचा काळ, प्रमाण, कुणाकडून आणि केव्हा घेतलं, शुल्क धरून एकूण किंमत, खोकं आहे का, बदललेले भाग कोणते. सोबत चार बाजूंचे आणि तळाचे फोटो. दर दिवाळीत कपाट आवरताना लांब भागांचे फोटो पुन्हा त्याच कोनातून काढा आणि जुन्यांशी ताडून पाहा. झिंक पेस्टची सुरुवात कपाटात नुसतं बघून कळत नाही, ती या दोन फोटोंत दिसते.

घराच्या विम्यात संग्रह दाखवायचा असेल तर कंपनी हीच वही आणि बिलं मागते, म्हणून दोन्हींची एक प्रत घराबाहेर, भावाकडे किंवा क्लाउडवर ठेवा.